बाळूच्या अंगातलं वाघरू

आमच्या घरात सगळ्यात सहज फसणारं माणूस मी आहे. नवरा म्हणतो, गोड बंद केलंय, आणि माझा विश्वास बसतो. जिलबीचा पाक मला त्याच्या शर्टावर सापडतो, तोही कपडे भिजवताना. लेक कॉलेजला म्हणून निघतो आणि नारायणगावच्या स्टँडसमोर टपरीवर बसलेला माझ्या जावेला दिसतो, मला कधीच नाही. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमची सून खोटं पकडायचा पगार घेते, आणि भाजीवाला तिला रोज कालची मेथी देतो." सगळे हसतात. मीही हसते, कारण मेथी खरंच कालची असते.

मी सरकारी मनोरुग्णालयात मानसशास्त्रज्ञ आहे. एखादा आरोपी वेड्यासारखं वागायला लागला, की कोर्टाला प्रश्न पडतो : हा खरंच आजारी आहे की सोंग करतोय? मग पोलीस त्याला आमच्याकडे आणून सोडतात. आम्ही त्याला ठेवून घेतो, बघतो, बोलतो आणि कोर्टाला लिहून देतो. त्यानं गुन्हा केला की नाही, हे आम्ही सांगायचं नसतं. आपल्यावर खटला कशाचा चाललाय हे त्याला समजतं का, वकिलाशी त्याला धड बोलता येतं का, एवढंच सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं.

लग्नाकार्यात लोक माझ्यासमोर बसून डोळे वटारतात आणि म्हणतात, "सांगा मॅडम, मी आत्ता खोटं बोलतोय का?" मी म्हणते, "जेवा, जिलब्या संपतील." नजर चुकवली म्हणजे खोटं, नाक खाजवलं म्हणजे खोटं, असलं काही नसतं. सराईत खोटं बोलणारे तर डोळ्याला डोळा भिडवून बोलतात. आमच्या कामात जादू नाही, चिकाटी आहे. सोंगाला मेहनत लागते आणि मेहनत करणारा माणूस दमतो. कोणी बघत असलं की त्याचं वेड वाढतं, कोणी नसलं की तो निवांत टेकतो. आजार म्हणजे काय, याची त्याची कल्पना ऐकीव असते, म्हणून तो सगळंच जास्त करतो. खऱ्या रुग्णालासुद्धा उत्तर येईल असे सोपे प्रश्न आम्ही विचारतो. हा तेही चुकवतो. कधी आम्ही एखादं नसलेलंच लक्षण सुचवतो : "असे आवाज ऐकू येतात त्यांची डावीकडची जीभ कडू होते म्हणे, तुमची होते का?" दुसऱ्या दिवशी डाव्या जिभेची तक्रार हजर.

आंबेगाव तालुक्यातला एक बटाट्याचा व्यापारी आमच्याकडे आला होता. मारामारीच्या केसमध्ये त्याची स्मरणशक्ती गेली होती. मला बघितल्याबरोबर त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मैं कौन हूँ? मैं कहाँ हूँ?" मी म्हटलं, "भाऊ, हिंदी कधीपासून?" तो गडबडला. माणूस मंचरकडचा, बोलणं सगळं गावरान, पण वेड टीव्हीतून उचललेलं, म्हणून ते हिंदीत आलं होतं. त्याला बकरीचे पाय किती तेही आठवत नव्हतं. आमचा वॉर्डातला अटेंडंट शेजारच्या रुग्णाला चुकीचा बाजारभाव सांगत होता, तो मात्र त्यानं पलंगावरून दुरुस्त केला.

ही हसायची गोष्ट झाली. पण अशा गोष्टी सांगून सांगून मी स्वतःलाच फसवते, हे मला माहीत आहे. कारण त्याच सुमाराला त्याच बाजूचा एक तरुण आला होता. शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला त्यानं आग लावली होती. शांत, नीटनेटका. "मला काय झालं न्हाई ताई, सोडा मला, घरी पाण्याची पाळी हाय," म्हणायचा. आणायला आलेला हवालदार म्हणाला, "बघा, शहाण्यासारखा बोलतोय. नाटक्या हाय." खरा आजार हा असा असतो. तो स्वतःला लपवतो. खूप दिवसांनी त्यानं मला हळूच सांगितलं, की शेजाऱ्यानं त्याच्या दाढेत तार बसवली आहे. त्याच्या मनगटांवर जुने वळ होते. कसले म्हणून विचारलं, तर म्हणाला, बैल बांधताना कासरा घासला. घरी बैलच नव्हता. भावांनी त्याला गोठ्यात बांधून ठेवलं होतं, काम टाळायला ढोंग करतोय म्हणून. आमच्या वॉर्डात त्या वर्षी सगळ्यात मोठं खोटं बोलणारा हा माणूस खरोखरचा आजारी होता, आणि खोटं भावांसाठी बोलत होता.

तर आता बाळूची गोष्ट. नावं बदलली आहेत आणि गाव सांगत नाही, घाटघरच्या अलीकडे कुठेतरी आहे असं समजा. ज्या दोघींची ही गोष्ट आहे, त्यांतली एक आता नाही. दुसरीला विचारूनच लिहिते आहे.

बाळू लहानपणीच पोरका झाला. त्याला त्याच्या मामीनं, ठकूबाईनं, घास भरवून वाढवलं आणि पुढे स्वतःची लेक सुनीता त्याला दिली. म्हणजे ती त्याची मामीही आणि सासूही. मामा वारलेला. घरात ठकूबाई, बाळू, सुनीता आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी पायल. भाताची खाचरं, वर थोडी नागली, म्हणजे नाचणी. कापणीच्या दिवसांत एकदा बाळू ओरडत गावात आला, की ओढ्यावर सुनीताला वाघरानं धरलं. तिकडे बिबट्याला वाघरूच म्हणतात. माणसं काठ्या आणि डबे घेऊन धावली. सुनीता बांधाला पडलेली होती, गेलेली. वनखात्याची माणसं आली. पंजाचा ठसा नाही, फरफट नाही, दाताची खूण नाही. मानेवरचा घाव कोयत्याचा आहे, हे कळायला डॉक्टर लागला नाही.

आणि त्या संध्याकाळी बाळू हातापायांवर आला. गुरगुरायला लागला. बोलणं बंद. कोणीतरी म्हणालं, वाघरू अंगात शिरलंय, त्यानंच करवलं. पोलिसांनी त्याला तसाच उचलला. कोठडीतही तो चार पायांवर, ताटाला तोंड लावून खायचा. शेवटी कोर्टानं आमच्याकडे पाठवला.

मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो वॉर्डाच्या कोपऱ्यात होता. माझ्यावर झेप घेतल्यासारखं केलं, मग मागे सरकून ढुंगणावर बसला आणि मान जोरात हलवली. पुन्हा गुरगुर, झेप, बसणं, मान हलवणं. मी जागीच थांबले, पण भीतीनं नाही. हे मी आधी बघितलं होतं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. आम्ही मूळचे जुन्नर तालुक्यातल्या आळे गावचे, पण त्यांची बदली बरीच वर्षं बाळूच्या गावाकडच्या डोंगरात होती आणि माझं लहानपण तिकडेच गेलं. खाली आळ्यात वसुबारसेला गाईवासराची पूजा होते. वर त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी पोरं घरोघरचं दूध-तांदूळ गोळा करून रानात वाघोबाच्या दगडापाशी खीर शिजवतात. मग एक पोरगा वाघ होतो. बाकीचे काठ्या आपटत त्याला घेरतात आणि विचारतात, "आमच्या शिवारात येशील का?" वाघ झेप घेतो, मार बसल्यासारखा मागे बसतो, मान हलवून "नाय येणार, नाय येणार" म्हणतो आणि पळत सुटतो. मग सगळे खीर खातात. मी त्या खिरीसाठी वाघाच्या मागे कितीतरी धावले आहे. मान हलवून नाही म्हणणारा वाघ जगात फक्त वाघबारसेला असतो. बाळूकडे वेड नव्हतं, म्हणून त्यानं जवळ होता तो वाघ काढला होता.

एवढ्यावर लिहून देता येत नाही. मीच घाई करत असेन, अशी शंका घेऊन आम्ही थांबलो. मनोविकारतज्ज्ञांनी तपासलं, डोक्याच्या तपासण्या झाल्या. आणि खरोखर आजारी असणाराही वर थोडं सोंग चढवू शकतो, हे आम्हाला ठाऊक असतं. पण एक एक गोष्ट त्याच दिशेला जात होती. झोपताना बाळू कुशीवर, पांघरूण कानापर्यंत ओढून झोपायचा. अटेंडंट मला म्हणाला, "मॅडम, तोंडानं खातो ते खरंय. पण भातात खडा लागला तर जिभेनं ढकलून ताटाच्या कडंला लावून ठेवतो. वाघाला एवढी रीत कुणी शिकवली?"

मग ठकूबाई भेटीला आली. डोंगरातून जुन्नर, जुन्नरहून पुणे, एकटी. काटक बाई, डोक्यावर पदर, हातात कापडात बांधलेल्या नागलीच्या भाकरी. माझं नाव-गाव विचारलं आणि वडिलांचं नाव ऐकल्यावर माझा हातच धरला.

"तू गुरुजीची पोर! खिरीला सगळ्यांत म्होरं आसायची ती?"

"तीच."

"मग तुला सांगाया काय हरकत न्हाई, बाय." ती माझ्यासमोर खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली, म्हणून मीही खाली बसले. "माज्या लेकीला वाघरानं खाल्ली आसती, तरी मी सोसलं आसतं. याड लागल्याल्या मानसानं मारली, तरी सोशीन. याड काय कुनाच्या हातातलं आसतं? पन बाळूनं शुद्धीत मारली आसंल, तर मी कुटं जाऊ? लेक बी माजी, त्यो बी माजाच. तू एवडं बघून सांग. त्यो याडाच हाय ना?"

मला तोवर उत्तर माहीत होतं. नियमानं मी ते सांगू शकत नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला नियमाचा फार आधार वाटला. "तपासणी चालू आहे, मावशी," एवढंच म्हणाले.

"तपासा. पन माझ्या परीनं मी बी बघनार."

पोलिसाच्या देखरेखीत भेट झाली, वॉर्डाच्या पुढच्या अंगणात. बाळू हातापायांवर आला, तिच्याकडे बघून गुरगुरला. तिनं भाकरीचं गाठोडं खाली ठेवलं. पदर खोचला. अंगणात कोणाचा तरी झाडू पडला होता, तो उचलून त्याचा दांडा जमिनीवर आपटला. मला वाटलं, त्याला मारते की काय. पोलीस पुढे झाला. मी हातानं त्याला थांबवलं.

"आमच्या शिवारात येशील का?" ठकूबाईनं मोठ्यानं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. वाघ असेल तर निघून जाईल, एवढी साधी आशा होती. बाळू नुसता गुरगुरला. तिनं पुन्हा दांडा आपटला. "आमच्या शिवारात येशील का रं?"

त्यानं झेप घेतली, मागे बसला, मान हलवली.

"नाय येनार," तो म्हणाला. किती दिवसांत पहिल्यांदाच. आवाज घोगरा झालेला. "नाय येनार, मामी."

ठकूबाईच्या हातातला दांडा खाली गेला. मी तिच्याकडे बघत होते. माणसाचा चेहरा पडतो म्हणतात, तसा नाही पडला. तो नुसता थांबला, चालता चालता बंद पडलेल्या घड्याळासारखा. मग ती खाली वाकली, गाठोडं सोडलं, भाकरी काढून त्याच्यासमोर धरली आणि म्हणाली, "हातानं खा."

बाळूनं हात पुढे केला. भाकरी घेतली, मोडली, खाल्ली. खाता खाता रडायला लागला. ती उभीच राहिली. त्याच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला नाही. त्याची भाकरी संपेपर्यंत मात्र ती हलली नाही.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "वाघरू मामी म्हनत न्हाई, बाय."

मी तिला पाणी दिलं. ते ती प्यायली नाही.

"आता माजं ऐक. तुला कळलं, मला कळलं. पोरीला कळाया नगं. तिचा बाप याडा व्हता म्हनून आसं झालं, एवढंच तिला ऱ्हाऊ दे. तू लिहून टाक, याडा हाय."

"मावशी, तसं नाही लिहिता येत."

"का? कागद तुजा, हात तुजा."

"खोटं होईल ते."

तिनं पाण्याचा पेला माझ्या हातात परत दिला. "गुरुजीनं एवडं शिकवलं तुला. खोटं पकडाया शिकलीस. कुनासाठी बोलाया न्हाई शिकलीस."

आम्ही जे दिसलं ते लिहून दिलं. तो सोंग करतो आहे, खटला समजण्याइतका शुद्धीत आहे. खटला चालला, बाळूला जन्मठेप झाली. वाघ पुन्हा कधी आला नाही. त्यानं का मारलं, याचं कोर्टात सांगितलेलं कारण इतकं किरकोळ होतं, की ते लिहायला हात धजत नाही. लोकांना वाटतं खोटं पकडलं की खरं हाती लागतं. आमच्या हाती फक्त सोंगाच्या आतला माणूस लागतो, आणि तो पुष्कळदा सोंगापेक्षा लहान असतो. त्या बाईचं म्हणणं मी अजूनही मनात उलटसुलट करते. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा तेच लिहीन. पण बरं वाटणार नाही, हेही नक्की.

काही वर्षांनी वडिलांनी हट्ट धरला, एकदा माझी शाळा दाखव. त्यांना गाडीत घालून मी वर गेले. ते शाळेच्या ओट्यावर बसले आणि आजोबा झालेले त्यांचे विद्यार्थी भोवती जमले. कोणाला पाढे येतात याची ते तिथेच परीक्षा घ्यायला लागले. मला ठकूबाईनं निरोप पाठवून बोलावून घेतलं.

ती खूप वाळली होती. पायल आता जुन्नरला कॉलेजात शिकत होती, सुट्टीला आलेली. उंच, हसरी पोर. ठकूबाईनं मला चहा दिला आणि तिच्यादेखत म्हणाली, "पायले, ह्या त्याच दवाखान्यातल्या. तुज्या बापाला ह्याच बघत्यात. सांग बाय, बाळू कसा हाय?"

तिच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, हुकूम होता. बाळू दवाखान्यात आहे, अंगातलं वाघरू अजून पुरतं गेलेलं नाही, असं ती पोरीला इतकी वर्षं सांगत आली होती. मी कपाकडे बघितलं. "बरा आहे," म्हणाले. "औषधं चालू आहेत. झोप लागते. जेवतो नीट." माझे कान तापले. एवढ्या वर्षांत इतक्या लोकांचं खोटं मी समोर बसून ऐकलं, पण चार वाक्यं खोटं बोलताना घाम फुटतो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"माझी आठवण काढतो का?" पायलनं विचारलं.

"हो. काढतो."

ठकूबाईनं डोळे पुसले. "बग, म्या म्हनलं न्हवतं?"

निघताना पायल मला गाडीपर्यंत सोडायला आली. वडिलांचे पाढे अजून चालूच होते. आम्ही दोघी जरा लांब उभ्या राहिलो.

"मॅडम, राग नका मानू," ती म्हणाली. "पण तुम्हाला खोटं लई वाईट बोलता येतं."

मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागले.

"कपाकडे बघून बोललात. आजीला आता दिसत न्हाई फार, म्हणून खपलं. पुन्हा कधी आलात तर तिच्याकडे बघून बोला. आणि एवढं सगळं एका दमात नका सांगू. एकच सांगायचं, साधं. बाकीचं ती स्वतः घालून घेती."

"तुला माहीत आहे?"

"मी घरातच व्हते." तिनं हे शेजारच्या पोरीच्या लग्नाचं सांगावं तसं सांगितलं. "माळ्यावर, गवतात. खालचं बोलणं सगळं ऐकलं. बाप चांगला शुद्धीत व्हता. मग दोघं भांडत भांडत वड्याकडं गेली. पोलिसांना सांगितलं, मी शेजारी व्हते. आजीलाबी तेच सांगितलं. तिला वाटतं, मला काय ठावं न्हाई. ते वाटणंच आहे तिच्याकडं, दुसरं काय ऱ्हायलंय? ते बी काढून घेऊ का?"

मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण ती माझ्याहून इतकी सावरलेली होती, की तो हात कोणाच्या आधाराला आहे हे स्पष्ट दिसलं असतं.

घराकडून ठकूबाईची हाक आली. "पायले! काय म्हनत्यात मॅडम?"

पायलनं मान वळवली. डोळे, ओठ, श्वास, सगळं मी बघितलं. सवयच आहे.

"म्हनत्यात, बाप सुधारतोय, आजे!" तिनं ओरडून सांगितलं, आणि मला त्यात एकही चूक सापडली नाही.